तीन बाटल्या आणि सकाळचा बेडका

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई वसमत तालुक्यातल्या एका गावातल्या. घरात नवरा, चार वर्षांचा मुलगा, लग्न ठरलेली नणंद आणि साठी ओलांडलेल्या सासूबाई. त्यांना त्या आत्या म्हणतात. आत्यांना शुगर आणि बीपी दोन्ही. बीपीची गोळी संक्रांतीच्या सुमारास बदलली. मार्चच्या सुरुवातीला हळद शिजवायचं काम निघालं आणि तेव्हा लागलेला खोकला पाच आठवडे झाले तरी हटत नाही. दिवसा कोरडी ढास, पहाटे घट्ट बेडका. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तेवढ्यापुरता उतार पडला. मेडिकलमधून आणलेली दोन पातळ औषधं आणि एक अडुळशाचं, अशा तीन बाटल्या फडताळात आहेत. त्यातल्या एकीनं आत्यांचे हात थरथरतात, छाती धडधडते. म्हणून आता ताकदीचं टॉनिकही आणलंय. मिस्टर म्हणतात, नांदेडहून भारी सिरप आणू. पुण्याची जाऊ म्हणते, सिरपनं लेकरं दगावली, सगळं फेका आणि सितोपलादी मधातून द्या. तपासणीचं नाव काढलं की आत्यांचं एकच, “आधी लग्न होऊ द्या, मग बघू.” लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मध्येच एका रात्री मुलगाही खोकत होता, तेव्हा ताईंनी आत्यांच्या बाटलीतलं अर्धा चमचा त्याला दिलं, ते मनाला लागून राहिलंय. त्या विचारतात, कफ मोकळा करायला नेमकं कोणतं पातळ औषध चांगलं? आणि आत्यांच्या मनाविरुद्ध त्यांना तपासायला न्यावं का?

ताई, नमस्कार.

तुम्ही बाटल्यांवरची बारीक अक्षरातली नावं एकेक करून उतरवून पाठवलीत, त्याचं मला फार कौतुक वाटलं. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीमागं उभा राहिलो. लेबल वाचणारी माणसं तेवढ्या काळात बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. बाकी सगळा कारभार रंगावर. “मागच्या वेळचं लाल द्या, हिरव्यानं उतार पडला नाही.” काहीजण बाटली आडवी करून औषध किती जाड आहे ते बघायचे, जाड ते भारी. आता त्यांना कोण सांगणार, की जाडी साखरेच्या पाकाची असते!

मी डॉक्टर नाही, औषधनिर्माता आहे. आत्यांना काय झालंय ते मी इथं बसून सांगू शकत नाही. त्या बाटल्यांत काय आहे ते मात्र सांगू शकतो, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पहिली बाटली. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्लोरफेनिरामाइन. खोकल्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन तो हुकूमच दाबतं. क्लोरफेनिरामाइन हे मुळात अ‍ॅलर्जीचं औषध. ते नाक-घसा कोरडा करतं आणि झोप आणतं. सर्दीनंतर नुसतीच कोरडी ढास लागून रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नसेल, तर चार-दोन रात्रींपुरता याचा उपयोग होतो. पण छातीत कफ असताना खोकला दाबला तर तो कफ जाणार कुठं? तिथंच बसतो, वरून कोरडा होऊन आणखी चिकटतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, ती मी घरच्याच अनुभवावरून सांगतो. माझ्या सख्ख्या मामांना प्रोस्टेटचा त्रास होता. खोकल्यानं झोप येत नाही म्हणाले, म्हणून मीच अशी एक बाटली हातावर ठेवली. झोप लागली खरी, पण पहाटे लघवी तुंबली आणि नळी घालावी लागली. पुढं मामा होते तोवर भावकीतल्या प्रत्येक लग्नात ही गोष्ट माझ्यासमोर, माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे.

दुसरी बाटली. अम्ब्रोक्सॉल, ग्वायफेनेसिन आणि टर्ब्युटालिन. ही कफाची. हिचं काम समजून घ्यायचं तर छातीत कफ हलतो कसा ते आधी बघायला हवं. आपल्या श्वासनळ्यांना आतून डोळ्यांना न दिसणारी लव असते आणि तिच्यावर पातळ चिकट थर. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, जंतू त्या थराला चिकटतात आणि लव तो थर रात्रंदिवस वर गळ्याकडं लोटत राहते. तिथून आपण तो गिळून टाकतो. रोज गिळतो, पत्ताही लागत नाही. धूर लागला की ही लव लुळी पडते. सूज आली की थर घट्ट आणि जास्त होतो. मग लव हरते आणि राहिलेलं काम खोकल्याला करावं लागतं. म्हणजे आत्यांना पहाटे येते ती उबळ म्हणजे रात्रभर साचलेलं बाहेर काढायची शरीराची धडपड.

ग्वायफेनेसिन श्वासनळीतला पाझर वाढवून कफ सैल करतं. अम्ब्रोक्सॉल कफाचा चिकटपणा कमी करतं. या अम्ब्रोक्सॉलचं कूळ तुम्हाला आवडेल. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरून ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं, आणि ब्रोमहेक्झिन पोटात गेल्यावर शरीरात त्याचं जे होतं ते अम्ब्रोक्सॉल. म्हणजे बांधावरचा अडुळसा आणि मेडिकलमधली बाटली एकमेकांच्या भावकीतले. तुमच्या जाऊबाई आणि मिस्टर या दोघांनाही हे वाचून दाखवा.

राहिलं टर्ब्युटालिन. ते आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं. दम्यासारख्या त्रासात ते कामाचं, पण पोटातून घेतलं की छातीपुरतं थांबत नाही. हाताच्या स्नायूंवर आणि हृदयावरही चालतं. हात थरथरणं, धडधडणं हा त्याचा नेहमीचा, लेबलावर लिहिलेला परिणाम आहे. आत्यांना अशक्तपणा आलेला नाही, ताई. सील फोडलं नसेल तर ते टॉनिक परत करा. आणि साठीतल्या, बीपी असलेल्या बाईला धडधड होत असताना ही बाटली आपल्या मनानं चालू ठेवू नका.

आता या दोन्ही बाटल्या एकाच दिवशी चालू आहेत, असं तुम्ही लिहिलंय. एकीनं मोरीतला चिखल पातळ करायचा आणि दुसरीनं मोरीच्या तोंडात बोळा कोंबायचा, असा हा प्रकार. केंद्र सरकारनं जून २०२३ मध्ये १४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात खोकल्याची बरीच होती. ब्रोमहेक्झिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अमोनियम क्लोराइड आणि मेंथॉल एकत्र असलेलं एक त्यातलंच. अशी मोट एका बाटलीत बांधायला बंदी आली, तर आपण दोन बाटल्या आणून ती पोटात बांधतो.

तिसरी बाटली अडुळशाची. तिच्यावर माझा राग नाही, पण लेबल तिचंही वाचायचं. साखरेचा पाक आहे का? ज्येष्ठमध किती? ज्येष्ठमध घशाला गुणकारी, पण रोज भरपूर आणि बरेच दिवस घेतला तर बीपी वाढवतो. सितोपलादीचं तर नावातच सगळं आलं. सितोपला म्हणजे खडीसाखर. पारंपरिक पाठात एकूण ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते, आणि वर ते मधातून घ्यायचं. शुगरच्या माणसाला हे दिवसातून तीनदा चाटवून ‘घरगुती आहे, अपाय नाही’ म्हणता येणार नाही. कोणाला दिवस गेले असतील तर अडुळशाचा काढा आपल्या मनानं देऊ नये, हेही जाता-जाता सांगतो.

मग भारी सिरप कोणतं? तसं काही नसतं. दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या पातळ औषधांची पारख करणारे अभ्यास एकत्र करून पाहिले गेलेत, आणि साध्या सर्दी-खोकल्यात त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही. वर्षानुवर्षं कफाचा त्रास असलेल्यांना कफ पातळ करणाऱ्या औषधांनी काही प्रमाणात आराम पडतो, तोही माफकच. साधा खोकला औषध घ्या की न घ्या, अडीच-तीन आठवडे रेंगाळतो. आपण तिसऱ्या आठवड्यात जी बाटली आणतो, तिला फुकटचं यश मिळतं.

पण आत्यांना तीन नाही, पाच आठवडे झाले. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला बाटल्यांपेक्षा त्यांच्या तारखा दिसल्या. पहिली बाटली पहिल्या आठवड्यात, दुसरी तिसऱ्या आठवड्यात, तिसरी परवा, आणि आता चौथी नांदेडहून यायची. प्रत्येक बाटलीनं घराला आठ-दहा दिवस ‘औषध चालू आहे’ असं म्हणायची सोय करून दिली. हा दोष तुमचा एकटीचा नाही. खिडकीतून अशा बाटल्या मीही दिल्यात आणि पुढच्या माणसाला ‘किती दिवस झाले हो?’ असं विचारायला विसरलोय. म्हणून कोणती बाटली या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आत्यांसाठी सध्या बाटलीच्या जागी एक रिकामी डबी लागणार आहे. थुंकीची.

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासायची, हा आपल्या क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे. शुगर असलेल्या माणसाला क्षयाचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. वजन उतरतंय का, संध्याकाळी अंग तापतं का, रात्री घाम येतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आज बघा. आत्यांचं पोलकं सैल झालंय का ते शिवणारीला आधी कळतं. मात्र यातलं काही नसलं तरी तपासणी टळत नाही.

त्या पाच-पाच दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी शोधून ठेवा. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्या जातीचं प्रतिजैविक असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ही औषधं क्षयाच्या जंतूंनाही थोडी दबवतात. चार दिवस बरं वाटतं, निदान मात्र लांबतं. ‘तेवढ्यापुरता उतार पडला’ हे तुमचं वाक्य मला म्हणूनच खटकलं.

क्षयच असेल असं मी म्हणत नाही. दुसरा संशय मला बीपीच्या गोळीवर आहे. जुन्या आणि नव्या गोळीची पाकिटं शेजारी ठेवा. नव्या गोळीच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ असा असेल, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, तर काही जणांना, आणि बायकांना जरा जास्तच, तिनं कोरडी ढास लागते. घशात कुसळ अडकल्यासारखी. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत लागते, कधी काही महिन्यांनी. अशा ढासेवर सिरपच्या पेट्या रिकाम्या केल्या तरी उपयोग नाही; डॉक्टर गोळी बदलून देतात, बहुतेक वेळा टेल्मिसार्टनसारखी, आणि खोकला हळूहळू, सहसा महिनाभरात जातो. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. बीपी चढलं तर लग्नघरात वेगळंच संकट उभं राहील. शिवाय पहाटेचा बेडका या गोळीच्या माथी मारता येत नाही, त्यामुळं एवढ्यावर समाधान मानून थुंकीची तपासणी सोडू नका.

तिसरा संशय तुम्हीच पत्रात लिहून गेलात आणि तुमच्या लक्षात आलं नाही. हळद. शिजवताना दिवसभर जाळाचा धूर, वाळल्यावर पॉलिशच्या ढोलातून उडणारी पिवळी धूळ, आणि त्याआधी ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा. त्यात तीस-चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेली छाती. आपल्याकडं दम्याचा माणूस म्हटलं की बिडी ओढणारा म्हातारा डोळ्यासमोर येतो. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या, पण चुलीत जन्म घातलेल्या बायकांना तोच आजार होतो आणि ‘वय झालं’ म्हणून तो मोजलाच जात नाही. यासाठी जोरात फुंकून करायची एक तपासणी असते. ती नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छातीच्या डॉक्टरांकडं होईल.

त्यात दमा निघाला तर पंप सांगतील, आणि घरात लगेच रडारड होईल, ‘आता पंपाची सवय लागणार.’ हा गैरसमज मी ३१ वर्षांत किती वेळा ऐकला असेन! हिशेब करून बघा. साल्ब्युटामॉलची गोळी येते २ किंवा ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात ते १०० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस दाबांएवढं औषध. गोळी आणि सिरप सगळ्या अंगात फिरून थोडंसं छातीला पोचवतात, पंप थेट छातीत नेतो. ज्या आत्यांचे हात बाटलीनं थरथरतात, त्यांना सवयीची भीती पंपाची वाटावी, हे उलटंच. फक्त पंप ओढायची पद्धत नीट शिकून घ्या, सोबत प्लास्टिकची नळकांडी मिळते ती घ्या, आणि त्यात स्टिरॉइड असेल तर ओढल्यावर चूळ भरायला लावा.

आता लग्नाचं. तुम्ही लिहिता, आत्या हट्टी आहेत. मला तसं वाटत नाही. त्यांना भीती वाटतेय, आणि ती वेडी भीती नाही. लेकीच्या लग्नाच्या तोंडावर आईला क्षय निघाला हे गावात कळलं तर काय, हे त्यांनी मनात शंभर वेळा घोळून पाहिलं असणार. त्यात खर्चही धरा. लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला आपल्या छातीपायी हात लागू नये, असं कोणत्या आईला वाटत नाही? तुम्ही ‘मनाविरुद्ध नेऊ का’ असं विचारता, तेव्हा आत्यांचं मन एकाच बाजूला आहे असं धरून चालता. लेकीचं लग्न नीट पार पडावं एवढंच ते मन म्हणतंय. तारीख तर चार आठवड्यांवर आहे.

म्हणून तीच तारीख त्यांच्यापुढं मांडा. थुंकीचा अहवाल सहसा दोन-तीन दिवसांत हाती येतो. काही निघालं नाही, तर लग्नघर मोकळ्या मनानं लग्नाला लागेल. आणि क्षय निघालाच, तर औषधं लागू पडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच इतरांना लागण व्हायचा धोका बराच उतरतो. आज सुरुवात केली तर अक्षता टाकताना त्यांचा पदर ओढायला येणारी लहान लेकरं सुरक्षित असतील. लग्नानंतर बघायचं ठरवलं, तर हळद, मांडव, पंगत, सगळं त्या खोकल्यासकट. लग्न हे तपासणी पुढं ढकलायचं कारण नाही, ते लवकर करायचं कारण आहे, हे आत्यांना पटेल असं मला वाटतं. त्या हिशेबी बाई दिसतात.

सांगणार कोण? तुम्ही नाही. सुनेनं ‘चला, थुंकी तपासू’ म्हटलं की त्याचे शंभर अर्थ निघतात. हे काम मिस्टरांचं. भारी सिरप आणायला नांदेडला जायची तयारी आहे ना त्यांची, मग तीच फेरी आईला सोबत घेऊन करावी. बोलताना क्षयाचा शब्द पहिल्या वाक्यात नको. ‘बीपीची गोळी तुला सोसत नसेल, ती दाखवून येऊ’ हे खरंच आहे, खोटं नाही. पण डबी हातात देताना विचारलं, “ही कशाला?” तर खरं सांगायचं. फसवून नेलेलं माणूस पुढचे सहा महिने गोळ्या घेत नाही, आणि क्षयाचा उपचार निदान सहा महिन्यांचा असतो.

थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधंही फुकट. उपचार चालू असेपर्यंत नि-क्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. म्हणजे लग्नाच्या पैशाला हात लागत नाही. तुमच्या बाटल्यांवर आतापर्यंत साडेतीनशे गेले असं तुम्हीच लिहिलंय. गावातल्या केंद्रात ओळखीची माणसं असतील आणि संकोच वाटत असेल, तर तालुक्याला किंवा नांदेडला जा.

डबी भरायची पद्धत सांगतो, कारण बरेच नमुने लाळेमुळं वाया जातात. पहाटे उठल्यावर आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. मग उघड्यावर किंवा खिडकीशी बसून, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, छातीच्या तळातून खोकायचं आणि जो घट्ट बेडका येईल तो डबीत. तोंडातली लाळ चालत नाही. झाकण घट्ट लावायचं आणि त्याच सकाळी पोचवायचं. आत्यांना लोकांसमोर थुंकायची लाज वाटते असं दिसतंय, तर त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी जरा दुसऱ्या कामाला लागावं.

अहवाल येईपर्यंतचे चार दिवस काय करायचं? पहिली आणि दुसरी बाटली थांबवा. पाणी कोमट द्या, घोट-घोट; हंडाभर पाजायची गरज नाही. कफ काढायला जोर लावून खोकायच्या ऐवजी ही युक्ती शिकवा. ताठ बसून सावकाश श्वास भरायचा, दोन-तीन आकडे धरायचा, आणि आरसा पुसायच्या आधी त्याच्यावर वाफ सोडतो तसा तोंड उघडून ‘हाऽऽ’ करत जोरानं सोडायचा. दोन-तीनदा केलं की कफ वर सरकतो, मग एकदाच खोकायचं. छाती दुखत नाही आणि बेडका सुटतो. वाफ घेतल्यानं नाक-घशाला बरं वाटतं, घ्यायची तर घेऊ द्या. पण उकळतं पातेलं मांडीजवळ नको आणि लेकरू त्या खोलीत नको. भाजलेली पोरं मी फार पाहिलीत. ढोल आणि जाळ यांच्यापासून त्यांना लांब ठेवा. खोकताना तोंडाला पदर, आणि थुंकी झाकणाच्या डब्यात, थोडं फिनाइल घालून. त्या आणि लेकरू सध्या एका अंथरुणात झोपत असतील तर वेगळं करा, खिडकी उघडी ठेवा. हे सगळं अहवाल येण्याआधीच, कुणाला काही न म्हणता.

थुंकीत रक्त दिसलं, बोलताना धाप लागली, छातीत दुखलं किंवा ओठ काळे-निळे पडले, तर डबी-बिबी काही नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आता तुमच्या लेकराचं. तुम्ही अर्धा चमचा दिलात, तो झोपला, सकाळी खेळायला गेला. अपराध्यासारखं वाटून घेऊ नका, पण पुन्हा देऊ नका. मोठ्यांची बाटली लहानाला ‘निम्मी’ करून द्यायची नसते. पाच वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची सिरपं सहसा देऊ नयेत आणि दोन वर्षांखालच्यांना मुळीच नाहीत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलंय. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्यांना देऊ नये, असा औषध नियंत्रकांचा आदेश निघाला होता.

तुमच्या जाऊबाई म्हणतात ती घटना खरी आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं एका सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. कित्येकांना उपचाराला आपल्या नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. चालतं ते फार तर ०.१ टक्का. हे खोकल्याचं औषध नाही, कारखान्यातलं विष आहे. औषध विरघळवायला जो द्रव वापरतात तो शुद्ध आहे की नाही हे न तपासता वापरला की ते शिरतं. आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. म्हणून जाऊबाईंची भीती मी उडवून लावणार नाही. पण त्यावरून ‘सगळी सिरपं विष’ असं ठरवणं जसं बरोबर नाही, तसं ‘काढा दिला की काम झालं’ हेही नाही. बाटली बिलावरच घ्या, बॅच नंबर आणि मुदत बघा, आणि कोणत्याही औषधानंतर लेकराची लघवी कमी झाली तर बाटलीसकट दवाखाना गाठा.

चार वर्षांच्या पोराला रात्री ढास लागली तर झोपण्याआधी अर्धा ते एक लहान चमचा मध पुरतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, मग आजी कितीही म्हणोत. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब. मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. गिळू द्या, अपाय नसतो. तो शांत झोपला असताना त्याची छाती-पोट बघून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. मिनिटाला ४० किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर डॉक्टर. आणि आत्यांच्या थुंकीत क्षय निघालाच, तर सगळ्यात आधी याची तपासणी करून घ्या. घरातल्या लहानांसाठी प्रतिबंधक औषध असतं, तेही सरकारी दवाखान्यातच मिळतं.

अहवाल काय आला ते कळवा. आणि तो चांगला आला तरी एक गोष्ट मिस्टरांच्या कानावर घालून ठेवा. लग्नाच्या आदल्या रात्री आचाऱ्याच्या भट्टीजवळ बसून बुंदी पाडायची देखरेख आत्याच करणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असेल. ते काम यंदा दुसऱ्या कोणाकडं तरी द्या.